मुलांच्या कॉलेजचा खर्च आईवडिलांनी करावा का? करावा तर कुठवर?

कोरी_पाटी (धागाकर्ती)
मुलगी दीड वर्षाने कॉलेजात जाईल. घरात आत्ताच दोन तट पडले आहेत. नवऱ्याचं म्हणणं, फी आपण भरायची, यात चर्चा करण्यासारखं काय आहे? माझं म्हणणं, निदान निम्मं कर्ज तिच्या नावावर असावं.

कारण सांगते. माझी सगळी फी घरून भरली गेली. पहिली दोन वर्षं मी वर्ग सोडून कॉलेजभर सगळीकडे सापडायचे. नंतर सावरले, पण ती दोन वर्षं कोणाच्या पैशावर फुकट घालवली हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं. पैसे स्वतःचे असते तर आलं असतं असं वाटतं.

धाकटा मुलगा आठ वर्षांचा आहे. म्हणजे आत्ता जे ठरेल तेच पुढे त्यालाही लागू होणार. तुमच्याकडे काय झालं, काय ठरवलंत, पस्तावलात का, मोकळेपणाने लिहा. 'आईवडिलांचं कर्तव्यच आहे' एवढंच लिहायचं असेल तर नवरा ते काम घरी करतो आहे.

निवांत_नाना
असतील तर भरावेत, नसतील तर भरू नयेत. धागा बंद करायला हरकत नाही.

तिरकस_कंस
नाना, तुमच्यामुळे इथले धागे शंभरी गाठत नाहीत.

स्वयंभू५४
मी रात्रपाळी करून शिकलो. घरून एक पैसा घेतला नाही. आजच्या पोरांना सगळं ताटात वाढून मिळतं म्हणून किंमत नाही. 'कमवा आणि शिका' हेच खरं. ताई, निम्मं कशाला? पूर्ण कर्ज तिच्या नावावर करा.

खडू_फळा
गेली २६ वर्षं कॉलेजात शिकवतोय. फी कोण भरतं यावरून कोण अभ्यास करणार हे मला आजतागायत ओळखता आलेलं नाही. घरच्या पैशावर शिकणारी पोरं पहिल्या बाकावर पाहिली आणि स्वतः कमावून शिकणारी शेवटच्या बाकावर झोपलेली पाहिली. झोपणाऱ्यांना मी उठवायचं सोडून दिलं, कारण ती रात्रभर काय करून आलेली असतात ते मला माहीत असतं.

शिक्षण अर्धवट सोडून जाणारी मुलं बघितली तर बऱ्याचदा कारण मोठी फी नसतं. तिची तजवीज प्रवेशाच्या वेळी कशीबशी झालेली असते. अडतं ते मधल्याच कशाने तरी. परीक्षेचा अर्ज, वसतिगृहाची अनामत, ऐन प्रोजेक्टच्या महिन्यात बंद पडलेला लॅपटॉप. त्या वेळी फोन करून हक्काने मागता येईल असं कोणी असलं की मूल टिकतं. नसलं की 'सर, पुढच्या वर्षी येतो' म्हणून जातं. येत नाही.

तिरकस_कंस
लॅपटॉप नेमका प्रोजेक्टच्याच महिन्यात बंद पडतो यावर वेगळा धागा हवा.

आकडेमोड
खडू_फळा यांच्या अनुभवाला जोड. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सेड शाखेतल्या समाजशास्त्रज्ञ लॉरा हॅमिल्टन यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर नेमका हाच प्रश्न तपासला होता. निघालेलं उत्तर दोन्ही तटांना चिडवणारं आहे. आईवडिलांकडून मिळणारी मदत वाढली की गुण थोडे घसरतात. आणि मदत वाढली की पदवी पूर्ण होण्याची शक्यता वाढते.

म्हणजे कोरी_पाटी यांची दोन वर्षंही खरी आणि नंतर सावरल्या तेही खरं. घरचा पैसा मुलाला जरा सैल सोडतो, पण पडू देत नाही.

कोरी_पाटी
हे नवऱ्याला दाखवणार नव्हते, पण तो मागून वाचतोय.

स्वयंभू५४
अभ्यास वगैरे ठीक आहे. मी अनुभव सांगतोय.

दूरचा_दिवा
कायद्याच्या बाजूने थोडं. मी जर्मनीत राहतो. इथे 'कर्तव्य आहे का' हा वादाचा मुद्दाच नाही, कारण ते नागरी संहितेतच लिहिलेलं आहे. कलम १६१० प्रमाणे अपत्याच्या पोटगीत योग्य अशा व्यवसायशिक्षणाचा खर्चही धरतात. अठरा पूर्ण झाली की आईबाप सुटले असं होत नाही. सरकारी मदत (बाफग) मिळते, पण ती साधारणपणे आईवडिलांच्या उत्पन्नावरून ठरते. समजा आईवडील ऐपत असूनही देत नाहीत, तर विद्यार्थी सरकारकडून आगाऊ रक्कम मागू शकतो आणि सरकार ती आईवडिलांकडून वसूल करू शकतं.

मात्र सरकारी विद्यापीठांत पहिल्या पदवीला शिकवणी शुल्क जवळपास नाहीच. काही राज्यांनी मध्यंतरी लावून पाहिलं होतं, शेवटच्या राज्यानेही २०१४ मध्ये काढून टाकलं. (परदेशी विद्यार्थ्यांसाठी एका राज्याने नंतर पुन्हा लावलं, तो भाग वेगळा.) त्यामुळे आईवडिलांवर पडतो तो मुख्यतः राहण्याखाण्याचा भार.

उत्तरायण
स्वीडनमध्ये याच्या अगदी उलट. विद्यार्थ्याला मिळणारी सरकारी मदत आणि कर्ज आईवडिलांच्या उत्पन्नाकडे बघतच नाही. वीस वर्षांचा माणूस म्हणजे स्वतंत्र माणूस, त्याचा बाप कोण याच्याशी कार्यालयाला देणंघेणं नाही. शिकवणी शुल्क नसूनही राहण्याच्या खर्चासाठी खूप जण कर्ज काढतात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. माझ्या सहकाऱ्याला मी सांगितलं की माझी फी वडिलांनी भरली, तर त्याने विचारलं, 'मग विषय कोणी निवडला?' मला राग आला. उत्तर 'वडिलांनी' असं होतं म्हणून जास्त आला.

आकडेमोड
अमेरिकेतली गंमत या दोन्हींच्या मध्ये अडकते. तिथे सरकारी मदतीसाठी साधारण २४ वर्षांपर्यंत विद्यार्थी आईवडिलांवर अवलंबून आहे असंच धरतात. लग्न झालेलं असणं, सैन्यात असणं असे काही अपवाद. म्हणजे मदत ठरवताना आईवडिलांचं उत्पन्न मोजणार, पण त्यांनी प्रत्यक्षात द्यायलाच हवं अशी सक्ती सहसा नाही. आईवडील नाही म्हणाले तरी कागदावर ते श्रीमंतच.

अजून_शिकतोय
मी १९. इथे बहुतेक सगळे काका-मावशी दिसताहेत म्हणून घाबरत लिहितो.

माझी फी बाबा भरतात. त्यांनी कधी हात आखडला नाही. पण दर सेमिस्टरला फी भरली की पावतीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतात. खाली काही लिहीत नाहीत, नुसता फोटो. आत्या, काका सगळे अंगठा दाखवतात. मला शाखा बदलायची आहे. तीन पावत्या झाल्यात. चौथी पडायच्या आत बोलायला हवं, पण प्रत्येक फोटोगणिक ते अवघड होत चाललंय.

कर्ज माझ्या नावावर असतं तर मी एव्हाना बदलली असती.

मधली_बहीण
अरे बाळा, बाबांना हा प्रतिसाद जसाच्या तसा पाठव. खाली काही लिहू नकोस.

तिरकस_कंस
आणि ग्रुपवर नको.

हिशेबनीस
'कर्ज माझ्या नावावर' असं सगळे म्हणताहेत म्हणून लिहितो. बँकेत उमेदवारी गेली आहे. ज्याला उत्पन्न नाही अशा अठरा वर्षांच्या मुलाला मोठं कर्ज एकट्याच्या नावावर बँक सहसा देत नाही. सहकर्जदार लागतो आणि तो असतो आई किंवा बाप. मुलीने हप्ता चुकवला की पत्र तुम्हालाच येणार. तेव्हा कोरी_पाटी, कर्ज तिच्या नावावर टाकलं म्हणून तुम्ही मोकळ्या झालात असं समजू नका.

दुसरं, शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज झोपलेलं नसतं. साधं उदाहरण घ्या. चार वर्षं दर वर्षाच्या सुरुवातीला २५ रुपये असे एकूण १०० घेतले. व्याज १० टक्के, शिकत असेपर्यंत सरळ व्याज. चौथ्या वर्षाअखेर १२५ झाले. नोकरी शोधायला एक वर्षाची सवलत घेतली तर १३५. आता या १३५ वर दहा वर्षांचे मासिक हप्ते बांधले तर एकूण फेड होते साधारण २१४.

आता हेच कर्ज, फक्त पहिली पाच वर्षं वरचं व्याज आईवडील भरत गेले. त्यांचे गेले ३५. मुलीच्या डोक्यावर १००च राहिले, ते दहा वर्षांत फेडताना साधारण १५९ होतात. दोघांचे मिळून १९४. वीस वाचले, मुलीचा हप्ता पाव भागाने उतरला, आणि कर्ज तिचंच राहिलं. ज्यांना 'तिला जाणीवही हवी आणि ती बुडायलाही नको' असं वाटतं त्यांनी हा मधला रस्ता बघावा. कोणी सुचवत नाही, कारण यात कोणालाच मोठेपणा मिळत नाही.

कोरी_पाटी
हिशेबनीस, हे छापून फ्रिजवर लावतेय.

चक्रवाढ
धाकट्यासाठी सोपं गणित: ७२ भागिले व्याजदर म्हणजे पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं. ८ टक्के धरले तर नऊ वर्षं. जन्माच्या वेळी बाजूला टाकलेला रुपया अठराव्या वर्षी चार होतो, नवव्या वर्षी टाकलेला दोन. तुमचा आठ वर्षांचा आहे. एक दुप्पट अजून हातात आहे, आजच सुरू करा.

निवांत_नाना
आणि फी किती वर्षांत दुप्पट होते?

चक्रवाढ
नाना, तुम्ही निवांतच बरे होतात.

पानगळ
हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

माझ्या वडिलांनी माझ्या शिक्षणाचा प्रत्येक खर्च एका वहीत लिहिला होता. फी, पुस्तकं, प्रवास, वसतिगृह, चष्म्याची काच बदलली तेसुद्धा. मला ठाऊक नव्हतं. पहिल्या नोकरीवर रुजू झाले त्या रात्री त्यांनी वही माझ्या हातात दिली. शेवटच्या पानावर बेरीज, खाली दोन रेघा. म्हणाले, 'परत नकोत. तुला माहीत असावं म्हणून.'

ते मनापासूनच म्हणाले असतील. पण पुढची अकरा वर्षं मी त्यांच्याकडे काही मागितलं नाही. नोकरी सुटली तेव्हा नाही, ऑपरेशनला पैसे कमी पडले तेव्हा मैत्रिणीकडून घेतले. त्यांना नंतर कळलं तेव्हा फार दुखावले. 'मी काय परका होतो का?' मला उत्तर देता आलं नाही. वही कपाटात होती.

स्वयंभू५४
वडिलांचं काय चुकलं? हिशोब ठेवणं गुन्हा आहे का? मुलांना कळायला नको किती घाम गाळला ते?

पानगळ
कळायला हवं. पण मी सतरा वर्षांची असताना. तेव्हा कळलं असतं तर मी दुसरं, स्वस्तातलं कॉलेज निवडलं असतं. मला तिथेही प्रवेश मिळत होता. सगळं खर्चून झाल्यावर हातात वही आली तर त्या वहीचं करायचं काय?

खडू_फळा
+१. या धाग्यावरचा हा सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

मधली_बहीण
वही नसण्याचेही तोटे आहेत. दादाला लांबच्या महागड्या कॉलेजात पाठवलं, माझ्या वेळी 'आता जमणार नाही' झालं, आणि धाकट्याच्या वेळी पुन्हा जमलं! आमच्याकडे कोणीच हिशोब ठेवला नाही, त्यामुळे आजही आई म्हणते, 'तिघांना सारखंच केलं.' मी भांडत नाही. बेरीज मात्र तोंडपाठ आहे.

कोरी_पाटी, दोन मुलं आहेत म्हणून सांगते. सारखं म्हणजे सारखी रक्कम, की जे ज्याला लागेल ते? एकाला वैद्यकीयला जायचं असेल आणि दुसऱ्याला भाषा शिकायची असेल तर? दोन्ही पद्धतींत कोणीतरी रुसतं. पण कुठली पद्धत ते आधी सांगितलं तर निदान आईवडिलांवर रुसायचं की नशिबावर ते कळतं.

अवलिया_अर्धा
मला वाटतं आपण सगळे चुकीच्या टोकाने बोलतोय. पदवी हवीच कशाला? माझा भाचा कॉलेज सोडून

तिरकस_कंस
आला. प्रत्येक धाग्यात एक भाचा असतोच.

अवलिया_अर्धा
पूर्ण तर करू द्या. भाचा कॉलेज सोडून घरी बसला आहे. तेच सांगत होतो.

दूरचा_दिवा
हसून खुर्चीतून पडलो.

तिसरी_घंटा
मी निवृत्त. मुलाच्या शिक्षणाला भविष्यनिर्वाह निधी मोडला. कोणी सांगितलं नव्हतं, मीच मोडला. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही, हे वाक्य मीही ऐकलं होतं. ते बहुतेक विम्याचा एजंट म्हणाला होता म्हणून मनावर घेतलं नाही.

मुलगा चांगला निघाला. दर महिन्याच्या एक तारखेला पैसे पाठवतो. लहान होता तेव्हा मी त्याला एक तारखेलाच हातखर्च द्यायचो, तीच तारीख त्याने धरली असावी. चार वर्षांत एकदाही चुकला नाही. गेल्या महिन्यात चार तारखेपर्यंत आले नाहीत. मी फोन उचलायचो, ठेवायचो. दुसरंच काहीतरी निमित्त काढून बोलू असं ठरवलं, पण निमित्तही सुचेना. बँकेची काही तांत्रिक अडचण होती, पाचला आले. त्याच्या लक्षातही आलं नसेल.

पस्तावलो का, असं तुम्ही विचारलंय. त्याच्या शिक्षणाबद्दल नाही. निधी पूर्ण मोडायला नको होता. तीन वर्षांचं मी भरून चौथ्या वर्षाचं त्याला कर्ज काढायला लावलं असतं तर त्याला ते सहज झेपलं असतं. आज तो मला देतो त्याहून तो हप्ता कमीच झाला असता.

आकडेमोड
तिसरी_घंटा, शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. एरवी मी आकडे घेऊन येतो, आज काही नाही.

स्वयंभू५४
जरा दुरुस्ती करतो. परवा जोरात लिहिलं. मी रात्रपाळी करून शिकलो हे खरं आहे. एक वर्ष नापास झालो हे लिहिलं नव्हतं. प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचो. खडू_फळांचा शेवटचा बाक वाचला तेव्हा तो मीच होतो. एक मास्तर मला उठवायचे नाहीत, तेव्हा वाटायचं त्यांचं माझ्याकडे लक्ष नाही.

माझ्या दोन्ही मुलींची फी मात्र मी भरली. पूर्ण. का ते विचारू नका.

तिरकस_कंस
पहिल्यांदाच कंसात काही लिहावंसं वाटत नाही.

दक्षिणवारा
उशिरा आलो. कर्जाच्या भीतीबद्दल एक राहून गेलं. सगळी कर्जं एका जातीची नसतात. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून पद्धत अशी की फीचं कर्ज सरकार देतं आणि तुमचं उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर गेलं की करातून कापून घेतं. खाली असेल तर हप्ताच नाही. वेगळं व्याज नाही, पण थकलेली रक्कम महागाई किंवा पगारवाढ, यांतला जो दर कमी असेल त्याप्रमाणे वाढते. इंग्लंडमध्येही परतफेड उत्पन्नावर, आणि ठरावीक वर्षांनी उरलेलं माफ. मात्र तिथली फी १९९८ मध्ये कमाल १,००० पौंड होती, ती २०१२ मध्ये ९,००० वर गेली, हेही लक्षात असू द्या. पद्धत सोपी झाली की फी वाढवणंही सोपं जातं.

मुद्दा एवढाच की 'मुलीला कर्ज द्यावं का' याचं उत्तर त्या कर्जाच्या अटीत असतं. नोकरी असो वा नसो महिन्याला हप्ता मागणारं कर्ज आणि कमावलंस तर दे म्हणणारं कर्ज यांना एकच शब्द वापरणं बरोबर नाही.

अजून_शिकतोय
अपडेट: बाबांशी बोललो. 'फोटो का टाकतोस' असं नाही, शाखेबद्दलच बोललो. दोन दिवस अबोला होता. काल म्हणाले, एक वर्ष वाढेल त्याचं अर्धं तू बघ. मी हो म्हटलं. शिकवण्या घेतोय. फोटो ते अभिमानाने टाकत होते असं आई म्हणाली. मला ते कधी सुचलंच नाही.

कोरी_पाटी (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. वैयक्तिक उत्तरं नंतर देईन. काय झालं ते सांगते.

पानगळ यांचा प्रतिसाद वाचल्यावर आम्ही दोघांनी रविवारी एक वही केली, पण उलटी. काय खर्च केला ते नाही, काय देता येईल ते. आज जमलेलं किती, दीड वर्षात अजून किती जमेल, धाकट्याचा वाटा किती, आणि आमच्या म्हातारपणाला हात लावायचा नाही ती रक्कम किती (तिसरी_घंटा, हा रकाना तुमचा). नवरा शेवटच्या रकान्यावर अडला होता. 'मुलीला हे कशाला दाखवायचं?' मग वरचे प्रतिसाद पुन्हा वाचून गप्प बसला.

मुलीला दाखवली. मला वाटलं रडेल किंवा चिडेल. तिने कॅल्क्युलेटर घेतला आणि विचारलं, 'म्हणजे तीन वर्षांचा कोर्स केला तर पुरतात आणि चार वर्षांचा केला तर एका वर्षाचे कमी पडतात, बरोबर?' बरोबर होतं. आमच्या महिनाभराच्या भांडणात हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता. कमी पडणाऱ्या वर्षाचं कर्ज तिचं, शिकत असेपर्यंत आणि सवलतीच्या वर्षाचं व्याज आमचं, हिशेबनीस पद्धतीने. कुठला कोर्स ते ती अजून ठरवतेय. धाकट्याला सारखी रक्कम की लागेल ते, यावर मात्र पुन्हा दोन तट आहेत. तो स्वतः सध्या अंतराळवीर होणार आहे, त्यामुळे थोडा वेळ आहे.

हिशेबनीस
अंतराळवीराला तारण लागेल.

पानगळ
तुमच्या वहीत मुलीच्या रकान्याखाली 'परत मागणार नाही, आठवणही करून देणार नाही' असं लिहाल का? शाईने.

तिरकस_कंस
आणि खाली दोघांची सही. नवरा मागून वाचत असेल तर त्याची आधी.